वाबळेकाकूंचा नंबर

डब्यात एकच चिठ्ठी उरलेली असायची. ती कुणाची हे खोलीतल्या सगळ्या बायकांना ठाऊक असायचं. जिची असायची ती तर सकाळपासून ठेवणीतली साडी नेसून बसलेली असायची. तरीही वाबळेकाकू डब्याचं झाकण घट्ट लावायच्या, डबा दोन्ही हातांनी कानापाशी नेऊन हलवायच्या, उलटा करायच्या, सुलटा करायच्या आणि मग कुणाला तरी हाक मारून म्हणायच्या, "काढ गं. नीट हात घालून काढ." एका कागदाच्या सुरळीचा आवाज तो काय येणार! पण त्या कान देऊन ऐकायच्या. कुणी हसलं की काकूंचा चेहरा कडक व्हायचा. "हासू नका," त्या म्हणायच्या. "हालवल्यालं समद्यांना दिसलं पायजे."

काकू आमची गल्ली सोडून गेल्या त्याला आता वर्ष होऊन गेलं. त्यांच्याबद्दल शांतपणे लिहायचं ठरवून मी याआधीही बसले होते, पण राग आला आणि उठले. आज तो राग बाजूला ठेवायचा नाही असं ठरवलंय. तो बाजूला ठेवला तर काकूंबद्दल लिहिण्यात काही अर्थच उरणार नाही.

सावेडीत आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. ठेंगणी, काटक बाई. पदर कायम कमरेला खोचलेला, चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवलेला. वाबळेकाका एसटीत कंडक्टर होते. त्यांचा आवाज गाडीत सगळा संपला असावा, कारण घरात तो कधी ऐकू आला नाही. काकूंचा मात्र पाइपलाइन रोडपर्यंत जायचा. मी शाळेत शिकवते म्हणून मला त्या 'मास्तरीनबाई' म्हणायच्या, आणि कधी मी वर्ग लवकर सोडून घरी आले की फाटकातूनच विचारायच्या, "काय, पोरांचे पैसे परत देनार का आज?"

भिशी कुणाला समजावून सांगायची गरज नाही. दर महिन्याला प्रत्येकीनं ठरलेली रक्कम द्यायची, जिची चिठ्ठी निघेल तिनं सगळी घेऊन जायची, आणि तिची चिठ्ठी डब्यातून कायमची बाहेर. पण काकूंच्या भिशीचे कायदे वेगळे होते. इतर ठिकाणी भिशी चालवणारी बाई पहिला महिना चिठ्ठीशिवाय स्वतः घेते. काकूंची चिठ्ठी सगळ्यांसारखी डब्यात. चिठ्ठ्या एकाच जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या, एकाच मापाच्या, एकाच जाडीच्या. एखादी सुरळी जरा फुगीर दिसली की उलगडून पुन्हा करायच्या. आणि चिठ्ठी काढायची ती, जिचा नंबर लागून गेलाय तिनंच, कारण तिला आता कुणाचंही नाव आलं तरी सारखंच. हा नियम त्यांनी स्वतः शोधला होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

या सगळ्याचं मूळ पाथर्डीकडच्या त्यांच्या गावात होतं. दुष्काळात टँकर यायचा. आईबाप ऊसतोडीला गेलेले, ही चुलतीकडे. हंड्यांची रांग गावाबाहेरच्या चिंचेपासून थेट देवळापर्यंत लागायची आणि टँकर कधी येईल याचा भरवसा नाही. एकदा ही सावलीला म्हणून जरा बाजूला गेली, तेवढ्यात कुणीतरी तिचा हंडा उचलून पार मागं ठेवला. त्या दिवशी घरात पाणी आलं नाही. "तवापास्नं ठरवलं," काकू सांगायच्या, "ऊन असो का काय असो, हंड्यापासून हलायचं न्हाई. नंबर सोडायचा न्हाई. थांबलं की मिळतंच. फकस्त मधी घुसनाऱ्याला घुसू द्यायचं न्हाई." सांगताना त्यांची मूठ आपोआप वळायची, जणू हंड्याचा गळा अजून हातात आहे.

मधे घुसणारे त्यांना जन्मभर भेटले आणि एकालाही त्यांनी सोडलं नाही. गॅसचं सिलिंडर वजन केल्याशिवाय कधी घरात घेतलं नाही. एका दिवाळीत बाजारातल्या एका साडीच्या दुकानानं लकी ड्रॉ ठेवला होता. पहिलं बक्षीस फ्रीज. काकूंच्या हट्टापायी आम्ही पाचसहा जणी सोडतीला गेलो. मोठं पिंप होतं, वर रंगीत कागद चिकटवलेला. मालकानं माइकवरून चार गोड शब्द टाकले, पिंप गरागरा फिरवलं, एका मुलीनं हात घालून कुपन काढलं आणि टाळ्या सुरू झाल्या. त्या टाळ्यांत काकू खुर्चीवर चढल्या.

"पिंप पालथं करा," त्या ओरडल्या.

मालक हसत म्हणाला, "अहो आजी, सोडत झाली आता."

"आजी नंतर म्हन. आदी पिंप पालथं कर."

गर्दीलाही तेवढंच हवं होतं. पिंप पालथं झालं आणि त्यातून कुपनांचे गठ्ठेच्या गठ्ठे पडले, रबर लावलेले, पुस्तकातून फाडले तसेच. सुटी होती ती फक्त वरची मूठभर. काकूंनी एक गठ्ठा उचलून मालकाच्या नाकासमोर धरला. "ह्यातल्या बाया रबरातून कशा निघायच्या रे?" सोडत पुन्हा झाली. फ्रीज बोल्हेगावच्या कुणा बाईला लागला. काकूंना काहीच लागलं नाही, तरी परतीच्या रिक्षात त्या इतक्या खूश होत्या की आम्हा सगळ्यांना त्यांनी उसाचा रस पाजला.

अशी ही बाई. हिला कुणी फसवेल असं आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

बाथरूममध्ये पाय घसरून त्यांचा घोटा मोडला आणि त्या कॉटवर पडल्या. इतकी धावणारी बाई महिनोन्‌महिने झोपून कशी राहणार! पुण्याहून सून आली होती. तिनं चांगल्या मनानं मोबाइलवर एक शेतीचा गेम टाकून दिला. गेममध्ये जमीन नांगरायची, पेरायचं, विहिरीचं पाणी द्यायचं. पाणी कधी कमी पडत नाही. काकूंना तो फारच आवडला. "बघ गं मास्तरीनबाई, आमच्या पाथर्डीला अशी ज्वारी कवा आली असती?" असं म्हणत त्या मला हिरवंगार शिवार दाखवायच्या. मलाही बरं वाटायचं.

त्या शिवाराच्या कडेला एक जत्रा होती. जत्रेत एक चाक. आठ घरांचं, रंगीत, दिव्यांचं. चाक फिरवायला मोती लागायचे. सुरुवातीला मोती फुकट मिळाले, मग मिळेनासे झाले, मग विकत घ्यावे लागले. आठातल्या एका घरात सोन्याचा बैल उभा होता. तो लागला की शेताची कामं झपाट्यानं होणार, पीक दुप्पट येणार. खऱ्या जगात त्या बैलाची किंमत शून्य. जिंकलं तरी चित्रच मिळणार! पण ते चाक बैलाच्या घराशी येऊन असं रेंगाळायचं की बघणाऱ्याचाही श्वास अडकावा, आणि मग एक घर पुढं सरकायचं. वर अक्षरं यायची, 'अगदी थोडक्यात हुकलं!'

"हुकलं न्हाई," काकू मला समजावायच्या, "जवळ आलंय. आधी कांदे निघाले, मग खत निघालं, मग बियानं. आता ऱ्हायलंय काय? बैलच ऱ्हायलाय." मी मान डोलवायची. मलाही ते पटत होतं. दर महिन्याला डब्यातली एकेक चिठ्ठी कमी होताना बघत आलेल्या बाईला दुसरं काय वाटणार? जिचा नंबर लागला नाही तिचा जवळ येतो. शेवटी तर तो येतोच. त्यात शंका घ्यायला जागाच नाही.

आणि पटलेली गोष्ट स्वतःपाशी ठेवणं काकूंना कधी जमलं नाही. त्यांनी ती मंगलला सांगितली.

मंगल आमच्या भिशीतली सगळ्यात लहान. भिस्तबागच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. रोज उजाडायच्या आत कंपनीच्या बसनं सुप्याला जायची, एका कारखान्यात कंत्राटावर पॅकिंगला. घरी साधं शिलाई मशीन होतं. तिच्या मनात एकच होतं, पिको-फॉलचं मशीन घ्यायचं, घरी बसून साड्यांचं काम करायचं आणि ती बस कायमची सोडायची. त्यासाठी ती पैसे साठवत होती. काकूंना बघायला आली तेव्हा काकूंनी तिला जत्रा दाखवली, वेळ जातो म्हणून. बसमध्ये जाता-येता मंगल चाक फिरवायला लागली. बैल लागेना तशी ती काकूंना विचारायची, आणि काकू तिला धीर द्यायच्या. "थांब. मधीच सोडू नको. सोडलंस तर आतापर्यंतचं समदं वाया."

पुढच्या एका भिशीला मंगल आली ती रिकाम्या हातानं. असं कधीच झालं नव्हतं. ती दारातच उभी राहिली.

"काकू, ह्या बारीला मला जमनार न्हाई."

"का गं? आजारी हाय का कोन?"

मंगलनं फोन पुढे केला. "तुमी म्हनला व्हता थांब. मी थांबले. मशीनचं समदं गेलं ह्यात. आजून बैल न्हाई आला." ती रडत नव्हती. तिचा आवाज अगदी खरंच विचारल्यासारखा होता. "किती ऱ्हायलं आसंल अजून, काकू?"

त्या वेळी माझी भाची मुग्धा पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे, शिकायला माझ्याकडेच राहते. तिनं बशा खाली ठेवल्या आणि मंगलचा फोन घेऊन जरा वेळ खालीवर केला. "काही राहिलेलं नसतं मंगलताई," ती म्हणाली. "काकू, तुमच्या भिशीत निघालेली चिठ्ठी बाहेर राहते ना? इथं ती प्रत्येक वेळी परत डब्यात जाते. पहिल्यांदा फिरवा नाहीतर शंभराव्यांदा, डबा भरलेलाच."

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. "परत जाती?"

"प्रत्येक वेळी."

"म्हंजी मी इतके दिस थांबले, ही पोर थांबली, ते कुनी मोजलंच न्हाई?"

"नाही काकू."

एरवी या प्रसंगात काकूंचा आवाज वर गेला असता. तो गेला नाही. त्यांनी डबा मागवला. त्या दिवशीच्या भिशीच्या चिठ्ठ्या बाजूला काढल्या, कॅलेंडरच्या पानाच्या तेवढ्याच कोऱ्या चिठ्ठ्या केल्या आणि एकीवर कुंकवाचं बोट टेकवलं. "हा बैल," त्या म्हणाल्या. "आता एकेकीनं काढायची आन् परत टाकायची." डबा गोल फिरायला लागला. कोरी, परत टाक. कोरी, परत टाक. दुसऱ्याच फेरीत पठारेवहिनी चिडल्या. पठारेवहिनी म्हणजे आमच्या भिशीचा विरोधी पक्ष. "अहो, परत कशाला टाकताय? अशानं कधी संपायच्या त्या?"

"त्येच म्हनते मी," काकू म्हणाल्या. "कवा संपायच्या?"

कुंकू निघालं ते उशिरा येऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना, त्यांनी पहिल्यांदाच हात घातला होता. सगळ्यांच्या आधीपासून काढत बसलेली मंगल तशीच बसून होती. पोहे गार झाले. इतकी वर्षं ज्या डब्यानं या बायकांना वाट बघायला शिकवलं त्याच डब्यानं त्या दुपारी, वाट बघण्याला कुठे कुठे काही किंमत नसते हेही दाखवलं.

पण मुग्धाचं संपलं नव्हतं. चाकाच्या कोपऱ्यात, नखाएवढ्या खुणेमागे, बारीक अक्षरात एक तक्ता लपलेला होता. तो तिनं वाचून दाखवला. बैल हजारातून दोनदा.

"हजारात?" काकू म्हणाल्या. "चाकावर आठच घरं हायत. मी मोजलीत."

"ते चित्र आहे काकू. तुम्ही बोट लावता तेव्हाच आत ठरून जातं काय निघणार ते. चाक नंतर फिरतं. बैलाजवळ येऊन थांबल्यासारखं करतं तेही मुद्दाम."

"आदीच ठरतंय? मग फिरवत्यात कशाला?"

मग काकू स्वतःशीच हळूहळू म्हणाल्या, "म्हंजी चिठ्ठी सैपाकघरात काढून ठिवायची, आन् भाईर येऊन बायांच्या म्होरं डबा हालवायचा." एवढं म्हणून त्यांनी झाकण इतक्या जोरात लावलं की ते वाकडं झालं. त्या डब्याचं झाकण नंतर कधी सरळ बसलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये मी हे सांगितलं तर एक सहकारी बशीत चहा ओतत म्हणाले, "हाव असते हो लोकांना. कोणी सांगितलं होतं खेळायला?" मला त्यांच्या अंगावर बशी फेकावीशी वाटली. हाव? ज्या बाईनं दुसरीचा फ्रीज साजरा केला तिला हाव? आठ घरांचं चाक काढून आत हजारांचा डबा ठेवणाऱ्याला काही म्हणायचं नाही, आणि चाकाकडे बघून आठ मोजणारीला शहाणपण शिकवायचं! आमच्या भागात पत्र्याच्या टपरीत आकडा घेणाऱ्याला पोलीस अधूनमधून उचलून नेतात. तो बिचारा निदान लागलेल्या आकड्याचे पैसे तरी देतो. हे चाक उशाखाली घेऊन माणसं झोपतात, त्यात लागलं तरी काही मिळत नाही, आणि त्याला म्हणायचं खेळ. ते मोतीसुद्धा उगाच नसतात. मेथीच्या जुडीसाठी भाजीवाल्याला रडकुंडीला आणणाऱ्या काकू, त्यांच्या हातातून तेवढ्या नोटा कधी सुटल्या नसत्या. मोती सुटले.

काकू भांडायला निघाल्या. पायाला अजून पट्टा होता. आधी त्या रिक्षानं मोबाइल विकणाऱ्याकडे गेल्या. तो म्हणाला, आम्ही फक्त फोन विकला. मग मुग्धाला बसवून त्यांनी गेमवाल्यांना तक्रार लिहायला लावली. मी तिथेच होते. काकू येरझाऱ्या घालत सांगत होत्या आणि मुग्धा टाइप करत होती. "लिही, तुमचं चाक खोटं हाय. लिही, तुमी बोलवा, मी येते, समद्यांच्या म्होरं चाक खोलून दाखवा. लिही, मंगलचे पैसे माघारी द्या, माझे ऱ्हाऊ द्या."

मुग्धानं पाठवलं. उत्तर लगेच आलं, माणसाला तक्रार वाचायलाही जास्त वेळ लागला असता इतक्या लगेच. 'प्रिय खेळाडू, आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. आपल्याला भेट म्हणून पाच मोफत फिरक्या देत आहोत.'

काकूंनी ते पुन्हा वाचायला लावलं. "कुनी लिवलंय हे? नाव काय त्याचं?"

"नाव नाही काकू. माणूसच नाही. आपोआप येतं."

"हापिस कुठंय?"

मुग्धानं शोधलं. कुठल्या तरी परदेशातलं, उच्चारही न येणारं नाव आणि एक ईमेल. एवढंच. काकू कॉटवर बसल्या. साडीवाला मालक, गॅसवाला, रांगेत घुसणारा, सगळ्यांची कॉलर त्यांच्या हाताला लागली होती. इथे कॉलरच नव्हती. खुर्चीवर चढून ओरडायचं तर ओरडायचं कुणावर? आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर भांडायला माणूस नव्हता, आणि त्या एकदम म्हाताऱ्या दिसल्या.

पण मंगलचं काय करायचं हे त्यांना त्याच दिवशी सुचलं असणार. पुढच्या भिशीला त्यांनी जाहीर केलं, "डब्यात माझी चिठ्ठी हाय आन् मंगलची हाय. दोन्हीतली आदी निघंल ती मंगलची. मागनं निघंल ती माझी. माझ्यामुळं तिचं मशीन गेलंय."

पठारेवहिनी लगेच म्हणाल्या, "हे नियमात बसतं का?"

काकूंनी प्रामाणिकपणे विचार केला. "न्हाई बसत," त्या म्हणाल्या. "म्हून इचारते." आणि त्यांनी खरोखर एकेकीसमोर जाऊन विचारलं. शेवटी पठारेवहिनींसमोर आल्या. वहिनी म्हणाल्या, "माझा नंबर काही लांब जात नाही ना? मग माझी काय ना असणार!" तेव्हा कुठे काकू खाली बसल्या.

मग डब्यानं आम्हाला झुरवलं. महिना गेला, दुसऱ्याच कुणाचं नाव. पुढचा महिना, पुन्हा दुसऱ्याच कुणाचं. मंगल उजाडायच्या आत सुप्याची बस पकडत होती आणि शनिवारी दुपारी दाराशी अंग चोरून बसत होती. एकदा चिठ्ठी काढायची पाळी माझी होती. आत चहा करताना मी काकूंना हळूच म्हटलं, "मंगलची चिठ्ठी जरा दुमडून ठेवा ना. मी बरोबर काढते. कुणाला कळणारही नाही."

काकूंनी गॅस बंद केला. "सैपाकघरात ठरवू म्हन्तीस? आन् भाईर जाऊन डबा हालवू?" मग माझा पडलेला चेहरा बघून त्या जरा मऊ झाल्या. "निघंल गं. आपल्या डब्यातली चिठ्ठी परत जात न्हाई. निघंलच."

निघाली. संक्रांतीच्या महिन्यात, हळदीकुंकवाच्या दिवशी, पठारेवहिनींनी हात घातला आणि सुरळी उलगडून ओरडल्या, "सुमन वाबळे!" म्हणजे काकूंचीच. म्हणजे मंगलची. आम्ही सगळ्या इतक्या ओरडलो की वाबळेकाका काय झालं म्हणून बाहेरून धावत आले. मंगलनं काकूंचे पाय धरले तर काकू तिच्यावरच खेकसल्या, "पाय कसले धरती, ती फोनमधली जत्रा काढ आदी." मंगलनं सगळ्यांसमोर गेम काढून टाकला. महिनाभरात तिच्या दारावर पिको-फॉलची पाटी लागली. आता त्या गल्लीतून गेलं की मशीनचा आवाज येतो. सुप्याची बस तिच्याशिवाय जाते.

त्या फेरीची शेवटची चिठ्ठी मंगलच्या नावाची राहिली, म्हणजे ती काकूंची. एकच चिठ्ठी. काकूंनी वाकडं झाकण दाबून बसवलं, डबा कानापाशी नेला आणि नेहमीपेक्षा जास्तच वेळ हलवला. त्या दिवशी कुणी हसलं नाही. चिठ्ठी मंगलनं काढली, आणि काकूंनी डबा तिच्याच हातात दिला. "आता तूच चालव. हालवताना समद्यांना दिसू दे." काकांची तब्येत बरी नव्हती, मुलगा दोघांना कायमचं पुण्याला घेऊन चालला होता.

निघायच्या दिवशी सकाळी मुलाची गाडी फाटकाशी उभी होती. काका पुढे बसलेले, मुलगा डिकीत पिशव्या कोंबत होता. काकू मागच्या सीटवर होत्या. शेवटचं बोलावं म्हणून मी खिडकीशी गेले. त्यांनी मान वर केली नाही. चष्मा नाकाच्या टोकाशी आला होता आणि मांडीवरच्या फोनमध्ये ते चाक फिरत होतं. बैलापाशी रेंगाळलं. एक घर पुढं सरकलं.

"काकू!"

त्यांनी फोन पालथा केला. "फुकटची व्हती," त्या म्हणाल्या. "रोज एक देत्यात. पैसे न्हाई लावत मी. त्या दिसापास्नं एक रुपाया न्हाई लावला, शप्पत."

"पण तुम्हाला तर सगळं माहीत आहे. तुम्हीच अख्ख्या गल्लीला दाखवलंत."

"ठावं हाय गं. मी थांबल्यालं तिथं कुनी मोजत न्हाई. समदं ठावं हाय." त्या खिडकीबाहेर, त्यांच्या बंद घराकडे बघत होत्या. पालथ्या फोनवर हात घट्ट दाबलेला होता. "पन इतके दिस हुभी ऱ्हायले. नंबर सोडून कसं जायचं?"

लबाडाला लबाडीनं फसवलं असतं तर मी एवढी पेटले नसते. यांनी उन्हात हंड्यापाशी उभी राहिलेली एक पोर गाठली, आणि तिचं उभं राहणंच लुटलं. ज्या गुणावर ती बाई जन्मभर ताठ चालली, तोच त्यांनी तिच्या गळ्यात अडकवला. त्यांना तिचं नावही माहीत नव्हतं.

मुलानं डिकी आपटली, गाडी सुरू केली. काकूंनी एक हात वर केला, मीही केला. गाडी पाइपलाइन रोडला वळेपर्यंत मी फाटकात उभी होते. मागच्या काचेतून त्यांचं डोकं दिसत होतं. ते पुन्हा खाली झुकलेलं होतं.